चौथ्या गल्लीतली पुतळी

चित्र वरून खाली उतरत होतं, आणि तेही असं की तिकडे कुणीतरी ते दोरीने सोडतंय आणि मध्येच बिडी शिलगवायला थांबतंय. आधी नुसता काळा पट्टा आला. मग त्या काळ्यात एक पिवळी कड. कडेच्या अगदी माथ्यावर कडीचा टाका घासून काढल्याची खूण दिसली तेव्हा सुनंदाबाई खुर्चीत जराशा पुढे सरकल्या. गोलाणी मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावरचा धनसिंगचा तो गाळा कोंदट होता. कालपरवापर्यंत तिथे त्याचा एसटीडी बूथ होता. आता काचेची केबिन काढून त्याने तीन संगणक मांडले होते आणि जळगावात इंटरनेट आणल्याचं पुण्य तो एकट्याच्या नावावर घेत होता. शेजारी देवचंदभाऊ हातात भिंग घेऊन उभे. पडद्याला भिंग लावून बघणारा माणूस सबंध जिल्ह्यात दुसरा नसेल. ‘येतंय, येतंय,’ ते पुटपुटत होते. एका उभ्या माणसाचं डोकं उतरलं, मग काठीचं टोक, मग काठीच्या उजव्या अंगाला जरा खालच्या बाजूला दुसरं डोकं, त्यावर टोपीसारखं काहीतरी. मग कपाळ. मग नाक. नाकापाशी एक ठिपका. चित्र तिथेच अडलं. सुनंदाबाईंचा हात आपोआप पुढे गेला, बोट काचेला लागलं आणि चट्‌कन झटका बसला. ‘काचेला हात नका लावू, बाई,’ धनसिंग म्हणाला. तोवर खाली मोटार बंद पडल्यासारखा आवाज झाला आणि तो ओरडला, ‘भाऊ, लाईन गई!’

लाईन गेली तरी तो ठिपका डोळ्यांसमोरून जाईना. देवचंदभाऊ मात्र खुशीत होते. त्यांनी चित्र आधीच चार वेळा पाहिलं होतं, आणि आता नेमकं काय पाहायचं ते बाईंना समजावून सांगत होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कालव्याच्या खोदाईत कुणाला काही सापडलं की भाऊंची जीप तिकडे वळायची, असं लोक चेष्टेने म्हणत. पण सापडलेली वस्तू त्यांनी कधी खिशात घातली नाही, जे काही जमवलं ते स्वतःच्या पगारातून. त्यांच्याकडे चांदीची नाणी होती, फार सुरेख होती, आणि सोन्याचं एकही नव्हतं. खानदेशातल्या बाया गळ्यात पुतळ्यांची माळ घालतात त्या पुतळीचं मूळ सातासमुद्रापलीकडे आहे, असं ते वीस वर्षं सांगत आले होते. व्हेनिस म्हणून पाण्यातलं एक शहर, तिथलं हे सोन्याचं नाणं. एका बाजूला साधू उभा आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून तिथला राजा, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या घेऱ्यात देव. व्यापाऱ्यांबरोबर ते इकडे आलं, आपल्या सोनारांनी त्याला कडी लावली, झाली पुतळी. ऐकणारे मान डोलावत आणि पाठ वळली की हसत. अस्सल नाणं एकदा हातात आलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील, ही भाऊंची आशा. आता ते नाणं परदेशात कुठेतरी लिलावाला निघालं होतं. संगणकावरून बोली लावायची होती, भाचा इंग्लंडातून पैसे भरणार होता, आणि त्याचे ते फेडता यावेत म्हणून शनिवारी धुळ्याचे सराफ रतिलालशेट येऊन भाऊंची सगळी चांदी विकत नेणार होते. सगळी, म्हणजे एकूण एक.

‘अक्षर न्‌ अक्षर तपासलंय,’ भाऊ म्हणाले. ‘एकही चूक नाही. नकली असतं तर अक्षरात फसतं. टाका आहे तो काय, आपल्याच कुठल्यातरी बाईच्या गळ्यात असणार कधीकाळी. तो नाकाजवळचा ठिपका तेवढा खटकतो. पण ठसा गंजला की असा फुगवटा उमटतो कधीकधी. तुम्ही सोनाराची लेक, त्यात जन्मभर चित्रकला शिकवलेली. वजन नाही, आवाज नाही, कसोटीवर घासायची सोय नाही. नुसतं डोळ्यांनी सांगायचंय. तुम्ही खरं म्हणालात तर माझ्या लेखी खरं. बोला.’

‘उद्या सांगते,’ एवढंच म्हणून सुनंदाबाई उठल्या. भाऊंना वाटलं, बाई विचार करताहेत, आणि त्यांना बाईंबद्दल आणखीच आदर वाटला.

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला. खाली भाजीवाल्यांकडे भरताची वांगी आली होती, हिरवी, हातभर लांब. डिसेंबर लागला की जळगावात दुसरं कुणाला काही दिसत नाही. त्यांनीही दोन घेतली, कशी आहेत ते न पाहता घेतली. रिक्षात बसल्यावर बोटाच्या टोकाला अजून झिणझिण्या होत्या. त्या बोटाकडे बघताना त्यांना हसू आलं, कारण नाना असते तर म्हणाले असते, घे, हात लावायचा नसतो हे माहीत असून लावला ना! नाना म्हणजे त्यांचे वडील, रुपचंद सोनार, मुक्काम धुळे, चौथी गल्ली. धुळ्यात गल्ल्यांना आकडे आहेत, नावं नाहीत, आणि नानांच्या दुकानालाही नाव नव्हतं. पाटीच नव्हती. लागेल कशाला? ज्याला यायचं तो येतच असे. फळीवर बसलेला एक बारीक माणूस, पुढ्यात शेगडी, एका डोळ्याला नळीचं भिंग, आणि उजेडासाठी दार सताड उघडं. थंडीतसुद्धा, पांझरेवरून बोचरा वारा आत येत असतानासुद्धा. सुनंदा शाळेतून आली की दाराच्या कडेला बसून बघायची. आई म्हणायची, पोरीच्या जातीला काय करायचंय ठोकाठोकीत? नाना सरकून तिला जागा करून द्यायचे. तिला चित्रकलेची शिक्षिका कुणी केलं असेल तर त्या सरकण्याने केलं.

नाना ठसे कोरत. दागिने कोणीही सोनार करतो, ठसा कोरणारा पंचक्रोशीत एखादा. पोलादाच्या ठोकळ्यात आकृती खोल आणि उलटी कोरायची. ती सोन्यावर उमटली की वर येते आणि सुलटी होते. छोट्या सुनंदाला या गोष्टीचं इतकं वेड लागलं होतं की ती रस्त्याने चालताना माणसं उलटी करून बघायची: या बाईचं नाक ठशात कुठे जाईल, त्या म्हाताऱ्याची पगडी किती खोल लागेल. ठशात चुकलं तर पुसता येत नाही, हे नाना सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात भीती नसे, उलट एक प्रकारचा आनंद असे. कोरून झालं की ते ठशात ओली माती दाबून काढायचे आणि मातीतला चेहरा हातावर घेऊन उजेडात फिरवायचे. तिला तो चेहरा प्रत्येक वेळी जिवंत वाटायचा. आज साठीला आल्यावरही, आर्ट गॅलऱ्या बघून झाल्यावरही, त्या मातीइतकं सुंदर आपण काही पाहिलं नाही असं त्या मनातल्या मनात ठामपणे म्हणत. म्हणत मनातच, कारण दाखवायला काय होतं? खानदेशात पोरीचं लग्न निघालं की जुनं सोनं मोडायचं आणि नवं घडवायचं. नानांनी जन्मभर जे केलं ते कधी ना कधी मोडीत निघून दुसऱ्या कुणाच्या मुशीत वितळलं. गवंड्याची भिंत राहते, सुताराचं दार राहतं. सोनाराचं काहीच राहत नाही. नाना गेल्यावर भावांनी कापडाचं दुकान काढलं आणि ठसे लोखंडाच्या भावाने भंगारात दिले. तेव्हा सुनंदाबाई सासरी होत्या. त्यांना कळलं ते दिवाळीला.

त्यातला एक ठसा त्यांना झोपेतही ओळखता आला असता. रुक्माबाई नावाची साक्रीकडच्या डोंगरातली एक बाई आली होती, काळीसावळी, उंच, आवाज असा की गल्लीत कुत्री उठून उभी राहावीत. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची पुतळ्यांची माळ. ती माळ घरात कुणी रोज घालायचं नाही. श्रावणात कानबाई बसते, नारळाला डोळे-नाक रेखून, नथ घालून, साडी नेसवून पाटावर बसवतात, तेव्हा ती देवीच्या गळ्यात. त्यातली एक पुतळी हरवली होती. कानबाईचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याचा सण, व्हायच्या आत नवी हवी. रुक्माबाईंनी नमुन्याला दुसरी पुतळी आणली होती, फारशी न झिजलेली, कोरीव. नानांनी ती भिंगाखाली धरली आणि दोन दिवस ते जेवतानासुद्धा कुणाशी बोलले नाहीत. मग कोरायला बसले. कडेने कसलीतरी अक्षरं होती. ती अक्षरं आहेत हे नानांना माहीत नव्हतं. त्यांना मोडीसुद्धा बेताचीच यायची, मग ही तर कुठल्या मुलखाची. त्यांच्या लेखी ती नक्षी. आणि इथेच गंमत आहे: ज्याला वाचता येतं तो अर्थाच्या नादात रेघ चुकतो, नानांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांची एकही रेघ चुकली नाही. देवचंदभाऊंनी भिंग लावून तपासलेली ती सगळी अक्षरं बिनचूक होती, आणि ती कोरणाऱ्या माणसाने जन्मात एकही इंग्रजी पाटी वाचली नव्हती! रिक्षात सुनंदाबाईंना एकटीलाच इतका अभिमान दाटून आला की रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, ‘बरं वाटत नाही का, बाई?’

आकृत्यांचं मात्र तसं नव्हतं. आकृत्यांना अर्थ होता, आणि तो रुक्माबाईंच्या घरात, नानांच्या घरात, सगळ्या गल्लीत एकच होता. काठीच्या डावीकडे उभा तो कानबाईचा नवरा कन्हेर, उजवीकडची ती कानबाई, आणि मधली काठी म्हणजे त्यांच्या लग्नाच्या मांडवाची. कानबाईच्या माळेत दुसरं असणार कोण? टोपी होती ती सगळ्यांना डोक्यावरचा पदर दिसली, झगा होता तो लुगडं. व्हेनिसच्या राजाला धुळ्यात कोण ओळखणार? सुनंदा तेव्हा आठ-नऊ वर्षांची. नानांनी मातीचा छाप काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो उजेडात फिरवला, नानांसारखाच डोळा बारीक करून, आणि म्हणाली, ‘नाना, कानबाईले नथ नही का?’

नाना थबकले. त्यांनी नमुन्याची पुतळी पुन्हा पाहिली. तिथे नथ नव्हती. फळीवर बसलेल्या रुक्माबाई खो खो हसल्या. ‘आंडेर खरं बोलनी, नाना. बिगर नथनी कानबाई ऱ्हास का कधी?’ आंडेर म्हणजे लेक. नाना हसले नाहीत. त्यांनी सगळ्यात बारीक कलम उचललं. डावीकडे तोंड केलेली आकृती, म्हणजे डावी नाकपुडी दिसणार, नथ डाव्याच नाकपुडीला; ठशात ती उजवीकडे. एवढा हिशोब त्यांच्या ओठांवर दिसला. सुनंदा वाकली तसे म्हणाले, ‘उजेडमा उभी ऱ्हाऊ नको, माय.’ ती सरकली, पण सरकता सरकता सावली हलली असावी, कारण हातोडी पडली ती केसभर खाली. नथ नाकपुडीच्या किंचित खाली उतरली, डुलताना नथ उतरते तशी. नानांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. चांगलं शे.’ पुतळी निघाली तेव्हा ती इतकी लखलखीत आणि इतकी हसरी होती की सुनंदाने ती गळ्याशी धरायला हात पुढे केला. नानांनी तिचा हात मनगटाला धरून हळूच बाजूला केला. ‘हाई आपली नही. पहिलं आंग गिऱ्हाइकनं.’ घडलेली वस्तू आधी गिऱ्हाइकाच्या अंगाला लागायची, घरच्यांनी ती घालून बघायची नाही, आरशात तर नाहीच. हा नानांचा नेम होता, आणि तो त्यांनी आईसाठीसुद्धा कधी मोडला नाही. रुक्माबाईंनी पुतळी कमरेच्या पिशवीत टाकली आणि साक्रीची मोटार गाठली. सुनंदाने ती पुन्हा पाहिली नाही. त्यालाही आता पन्नास वर्षं होत आली.

आणि आज ती पुतळी गोलाणी मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर वरून खाली उतरत आली होती. टाक्यासकट, नथीसकट. माळ कधी वाटली गेली असेल, सुनेसुनेच्या वाट्याला आली असेल, विकली असेल, मुंबईला गेली असेल, तिथून आगबोटीने का विमानाने. कुणी घासून कडी काढली, कुणी व्हेनिसची म्हणून दुसऱ्याला दिली. वितळायला जागोजागी मुशी तयार होत्या आणि ही त्यातून सुटत सुटत गेली. सगळं जग जिला नाणं समजलं ती एकटीच वाचली. सुनंदाबाईंनी घरी येऊन वांगी गॅसवर भाजायला ठेवली आणि ती जळून कोळसा होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. घरात त्या एकट्याच. नवरा गेल्यापासून वांगं जळालं तर बोलायला कुणी नव्हतं.

काय करायचं ते अगदी सोपं होतं, आणि हीच भीती होती. उद्या भाऊंना म्हणायचं, खरं आहे. एवढाच एक शब्द. भाऊ बोली लावतील, जिंकतील, नाणं पंधरवड्यात जळगावात येईल. भाऊ ते आधी त्यांच्याच हातात देतील. नानांची पुतळी हातात येईल. खरोखरची, थंडगार, मग हाताच्या उबेने कोमट होत जाणारी. त्या ती गळ्याशी धरतील. साठाव्या वर्षी कोण मनगट धरणार आहे? आणि यात खोटं तरी काय, असंही एक मन म्हणत होतं. सोनं खरं. काम खरं, व्हेनिसवाल्याच्या तोंडात मारेल असं. खोटं असेल तर नाव तेवढं खोटं. पण हे मन बोलायला लागलं की दुसरीकडे शनिवार दिसायचा: रतिलालशेट पाय पसरून बसलेले, आणि भाऊ एकेक नाणं कापसातून काढून त्यांच्यापुढे ठेवताहेत, प्रत्येकाची गोष्ट सांगायचा मोह आवरत. मग भाऊ ती पुतळी घेऊन गावभर फिरणार, हे बघा व्हेनिस, हे बघा मूळ. आणि ते खरं नाही हे सबंध जळगावात एकट्या सुनंदाबाईंना माहीत. असं कधीपर्यंत? भाऊंसारखा भाबडा, सच्चा माणूस. त्याला फसवायला तर फार अक्कलही लागत नाही, आणि म्हणूनच फसवू नये.

पण शेवटी मन फिरलं ते भाऊंची दया येऊन नाही. पहाटे कूस बदलताना एक विचार आला आणि त्या उठून बसल्या. नाणं खरं ठरलं तर ते व्हेनिसचं. तिथल्या कुण्या मेलेल्या कारागिराचं. नाना त्यात कुठेच नाहीत. नाना त्यात असायचे तर ते खोटंच ठरायला हवं. जन्मभर पाटी न लावलेल्या माणसाची एक वस्तू जगात उरली, आणि तिच्यावर त्याचं नाव यायला एकच वाट आहे, ती म्हणजे त्याच्या लेकीने उभं राहून सांगायचं की हे नकली आहे. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. सोनार गेला, लेक उरली. त्या अंधारात बसून हसल्या आणि मग थोड्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी लाईन धड होती. चित्र पूर्ण उतरलं, पायांपर्यंत. सुनंदाबाई म्हणाल्या, ‘भाऊ, हे तुमचं नाणं नाही. हे माझ्या नानांचं आहे.’ आणि बोट काचेला न लावता त्यांनी सगळं सांगितलं: कानबाई, रुक्माबाई, सावली, केसभर खाली उतरलेली नथ. भाऊंनी भिंग उचललं, पडद्याला लावलं, बराच वेळ तसंच धरलं. मग मिटून खिशात ठेवलं. ‘मरायच्या आधी एकदा खरं हातात यावं असं वाटत होतं,’ ते म्हणाले. आवाज कोरडा होता. सुनंदाबाईंना वाटलं, आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या ताटातला घास काढून घेतला. पण भाऊ भाऊच. दोन घोट चहा झाला आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. ‘अक्षरं न वाचता कोरली? सगळी? बाई, हे कसं शक्य आहे?’ आणि त्यांनी पुन्हा भिंग काढलं. या वेळी ते व्हेनिस बघत नव्हते. ‘काय हात असेल हो,’ ते म्हणाले, एकदा आणि परत एकदा. तेव्हा सुनंदाबाईंना त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

रतिलालशेटना नको म्हणून निरोप गेला. भाऊंनी सरकारी वळणाच्या इंग्रजीत विकणाऱ्याला कळवलं की हे व्हेनिसचं नाही, धुळ्याच्या चौथ्या गल्लीतलं आहे. सोनं चोख आहे. उजवीकडची बाई देवी आहे आणि तो ठिपका तिची नथ आहे. कारागिराचं नाव रुपचंद. तिकडचा माणूस सचोटीचा निघाला. त्याने आभार मानले, लिलाव मागे घेतला आणि दोन दिवसांनी नवा लावला. धनसिंगने पान उघडलं. पहिल्यांदा उतरली ती अक्षरं. ‘नक्कल’ हा शब्द आधी आला आणि सुनंदाबाईंना तो टोचलाच, उगाच का खोटं बोला. पण त्याच्यामागून धुळे आलं, त्याच्यामागून चौथी गल्ली आली आणि मग रुपचंद. परक्या लिपीतलं, नानांना वाचता न आलेलं. त्यांनी नक्षी म्हणून बिनचूक कोरलं असतं असं. सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. धनसिंग गपचूप बाहेर जाऊन उभा राहिला.

‘आता ही तुम्ही घ्यायची,’ भाऊ म्हणाले. ‘व्हेनिस नाही म्हटल्यावर कोण विचारणार? आपलीच.’ भाच्याला कळवून झालं. सुनंदाबाईंनी नको म्हटलं नाही. त्यांना ती हवी होती, फार हवी होती. आठवडाभर पानावर त्यांची एकटीचीच बोली होती. घरी त्यांनी आरसा पुसून ठेवला आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्यावर परत कापड टाकलं.

लिलाव संपायचा तो आपल्याकडे सकाळी. धनसिंगने त्यांच्यासाठी गाळा लवकर उघडला, उदबत्ती लावली. शेवटची काही मिनिटं राहिली असताना दुसऱ्या कुणाची तरी बोली पडली. भाऊंनी वाढवली. त्याने वाढवली. ‘असेल कुणी दलाल,’ भाऊ फणफणले, ‘सोन्याच्या भावात वितळवायला घेत असेल.’ मग धनसिंगला पानाच्या तळाशी काहीतरी दिसलं. त्या दुसऱ्या माणसाने रात्री विकणाऱ्याला एक प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न-उत्तर दोन्ही तिथे होती. भाऊंनी वाचून सांगितलं. ‘विचारतोय, देवीची नथ नुसत्या डोळ्यांनी दिसते का? आणि विकणारा म्हणतोय, हो, उत्तम दिसते. किंचित खाली उतरलेली आहे.’

कोण असेल? बाई की पुरुष, कुठल्या गावचा? कानबाई म्हणजे कोण हेही त्याला ठाऊक नसणार. पण नक्कल आहे हे त्याला माहीत होतं, धुळ्याची आहे हे माहीत होतं, आणि तरी, किंवा म्हणूनच, त्याला ती हवी होती. नथीसाठी हवी होती. नाना गेल्यानंतर इतक्या वर्षांनी त्यांच्या फळीसमोर कुणीतरी येऊन उभं होतं, नाव विचारत विचारत, सातासमुद्रापलीकडून. भाऊ घाईने आकडा सांगत होते, धनसिंगचं बोट बटणावर होतं. सुनंदाबाईंनी हात पुढे केला आणि धनसिंगचं मनगट हळूच धरून बाजूला केलं. तसंच, अगदी तसंच.

‘बाई, अजून वाढवता येईल! वेळ आहे,’ भाऊ म्हणाले.

‘नको भाऊ. गिऱ्हाईक आहे,’ त्या म्हणाल्या. आणि मग कित्येक वर्षांत तोंडात न आलेली भाषा आपोआप आली. ‘हाई आपली नही. पहिलं आंग गिऱ्हाइकनं.’

वेळ संपली. भाऊंनी भिंग रुमालात गुंडाळलं. धनसिंगने पान ताजं केलं तसं चित्र पुन्हा वरून उतरायला लागलं. काळा पट्टा, पिवळी कड, घासलेला टाका.

‘झालं ना आता? बंद करू का?’ त्याने विचारलं.

‘थांब जरा,’ सुनंदाबाई म्हणाल्या. ‘नथीपर्यंत येऊ दे.’